सांबरापुढं काय नेसून जायचं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पत्र्याची पेटी ओटीवर ओढली आणि तिच्यातले कपडे उपसले. त्या संध्याकाळी पुढं जे झालं ते साधं नव्हतं, म्हणून ते मी यात धरत नाही.

कपडे कशाला, तर सांबर बघायला जायचं होतं.

शिमगा होऊन गेला होता. ओढे आटले होते. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, कड्याखाली एक डोह आहे, त्यातच काय ते पाणी उरलं होतं. सकाळी गुरं घेऊन तिकडं गेलो तर चिखलात खूर उठलेले. गाईचे नव्हते. मोठं सांबर, एकटं, आणि रोज येणारं, कारण जुन्या खुरांवर नवे खूर पडले होते. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हातातली भाकरी तशीच परातीत टाकली आणि म्हणाली, "मला न्या."

"तुला कशाला गो?"

"त्याचं तोंड बघायचंय. आजवर नुसतं ढुंगण बघितलंय."

खोटं नव्हतं ते. शिकारीवर बंदी नव्हती तेव्हा शिमग्यात आमची सगळी वाडी रान उठवायला जायची. सगळी म्हणजे पुरुष. बाईमाणसानं त्या दिवशी वाटेत आडवंसुद्धा यायचं नाही, अशी रीत. जनावर पडलं की घरटी वाटा पानात बांधून यायचा. मुंडकं मात्र मानकऱ्याच्या घरी जायचं, ते दुसऱ्या कुणाच्या उंबऱ्यात येत नसे. त्यामुळं लग्न होऊन आल्यापासून तिनं सांबर शिजवलं, वाढलं, खाल्लं, पण तोंड कसलं असतं ते तिला ठाऊक नव्हतं. मेलेल्याचंही नाही आणि जिवंताचंही नाही. लाकडाला गेली की कधी झाडीत धडधड व्हायची आणि पळणारं शेपूट दिसायचं, तेवढंच. पुढं बंदी आली, बंदुकी गेल्या, मानकऱ्याच्या घराला कुलूप लागलं, पोरं मुंबईला गेली. तिची इच्छा राहिली ती राहिलीच.

"तुला दम लागतो," मी म्हटलं. "महाडच्या डॉक्टरनं चढायला नको सांगितलंय."

"म्हणून तर आत्ता न्या. पुढल्या साली मी वर चढणार हाय काय? तुमीच सांगा."

दुपारी दोघांनी पेटी ओढली.

वर सगळ्यात आधी हाताला आलं ते मुलानं आणलेलं सोंग. मुंबईला गाडी चालवतो तो. मागच्या गणपतीला माझ्यासाठी पँट आणि जाकीट घेऊन आला होता, हिरवे, तपकिरी, काळे चट्टे असलेलं, लष्करातल्यासारखं. "बाबा, हे घालून रानात बसा, जनावराला तुम्ही दिसणारच नाय." पोराला वाईट वाटू नये म्हणून मी घालून अंगणातून दोन फेऱ्या मारल्या. मांडीला मांडी घासली की खसखस, खसखस. हातात कुरकुऱ्याची पिशवी घेऊन चालल्यासारखं. सांबराला मी दिसलो नसतो हे खरं, पण माझं येणं त्याला पार पोलादपूरच्या बाजारातून ऐकू आलं असतं.

माझा बाप शिकारीला जाताना रंगाकडं बघायचाच नाही. त्याच्या डोक्याला तांबडं मुंडासं असायचं, लालभडक. माणसाला तो पलीकडच्या डोंगरावरून दिसायचा, जनावराला जवळ असून दिसायचा नाही. असं का, ते बापालाही ठाऊक नव्हतं. पण निळीतून काढलेलं पांढरं धोतर नेसून कुणी आला तर त्याला तो वाडीच्या वेशीवरूनच माघारी धाडायचा. "तू देवळात जा. रानात तुझं काय काम नाय." कपडा हातात घेऊन तो दोन गोष्टी करायचा. आधी कानाशी धरून चोळायचा, आवाज येतो का बघायला. मग नाकाशी धरायचा. डोळ्यांना काय वाटतं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही एवढंच की उन्हात चमकतंय का.

तेच मी तिच्या लुगड्यांना लावलं. एकेक कानाशी धरून चोळत बसलो. ती हसायला लागली.

"लुगडं काय बोलतंय तुमच्याशी?"

"सांगतंय, मला कडक खळ घातलीय."

मग तिनं मोठ्या दिमाखात दांडीवरचं एक पातळ आणलं. सकाळीच धुतलं होतं, मी सांबराची बातमी सांगितल्यावर. बाजारातली वासाची पावडर घालून, वर नीळ देऊन. उन्हात असं लखलखत होतं की माझे डोळे दिपले.

"हे नेसते. चांगल्या ठिकाणी जायचं तर मळकं कसं जायचं?"

"अगो, सांबर काय तुझा व्याही हाय?"

"असला तर? पहिल्यांदा तोंड बघायला चाललेय त्याचं."

मला हसू पण आलं आणि कसंसंच झालं. आयुष्यभर तिनं पाहुण्याकडं जाताना धुतलेलं नेसलं, आता जनावराकडं जाताना पण तेच. तिला समजावायला मला अर्धी दुपार लागली. ते पातळ त्याला दिव्यासारखं दिसेल. पावडरीचा वास त्याला डोहावर यायच्या आधीच कळेल. शेवटी गोठ्यात शेण काढताना नेसायचं लुगडं काढलं. डाळिंबी रंगाचं होतं कधीतरी. धुऊन धुऊन मऊ पडलेलं, चुलीच्या धुराचं, शेणाचं. कानाशी चोळलं, काही बोललं नाही. नाकाशी धरलं तर आमच्या गाईचा वास. गुरं रोज तिथं पाण्यावर जातात, त्या वासाला सांबर बुजत नाही.

"शेणाचं लुगडं नेसून जाऊ?" ती म्हणाली. "शोभेल काय?"

"त्याला शोभेल."

डोक्याला तेल लावायचं नाही म्हटलं, ते ऐकलं. पान खायचं नाही म्हटलं, त्याला तोंड वाकडं केलं पण ऐकलं. मग मी तिच्या हाताकडं बघितलं. मनगटभर हिरव्या काचेच्या बांगड्या. हात हलला की किणकिण.

"त्या उतरव."

तिनं हात पदराखाली घेतले. मग म्हणाली, "तुमी जिवंत हाव ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे उतरवायच्या नायत. जीभ कशी रेटली तुमची?"

"बरं मग त्या सांबराला सांग, आजच्या दिवस बहिरं हो."

"तुमीच सांगा. तुमची वळख हाय त्याच्याशी."

मला वाटलं, मोडलं सगळं. न्यायचं तर बांगड्या वाजणार, आणि वाजल्या की पुन्हा ढुंगणच दिसणार. ती उठून आत गेली. जुन्या घोंगडीची एक पट्टी फाडून घेऊन आली आणि माझ्यापुढं हात केले. "बांधा." मी पट्टी बांगड्यांमधून आतबाहेर गुंडाळत गेलो, एकीला दुसरी लागू नये अशी. दोन्ही हातांना. तिनं हात कानापाशी नेऊन हलवून बघितले. मग माझ्या कानापाशी हलवले. काही नाही. नुसता लोकरीचा वास.

तिच्या हातात एवढी अक्कल होती आणि मी बापाचं शहाणपण सांगत बसलो होतो.

उन्हं कलल्यावर निघालो. मी जुनी बंडी, डोक्याला तांबडं फडकं, खांद्यावर घोंगडी. चप्पल घरी. चढताना ती दर थोड्या वेळानं थांबायची, धापा टाकायची आणि मला हातानं खुणवायची, बोलू नका. लोक आता म्हणतात, तिला चढवायला नको होती. म्हणू दे.

डोहाच्या खालच्या अंगाला गवतात बसलो, वारा तोंडावर येईल असे. मागं करवंदीची जाळी होती. तिच्या पांढऱ्या केसांवर मी पदर ओढला, माझ्या अंगावरची घोंगडी दोघांच्या गुडघ्यांवर टाकली. लांब घाटात महाबळेश्वरला चढणाऱ्या ट्रकचा आवाज येत होता. तो थांबला की काहीच नाही. वारासुद्धा हळू.

ते आलं तेव्हा मला कळलंच नाही. एवढं मोठं धूड, पण एक काटकी मोडली नाही. आधी नुसती झाडी होती, मग त्या झाडीत शिंगं होती. मग मान. मग सगळं सांबर. उभं राहिलं. कान आमच्याकडं केले, एक पुढं, एक मागं. मी श्वास धरला. तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही, मान वळवली असती तर गेलं असतं.

त्यानं आमच्याकडं बघितलं. माझ्या लाल फडक्याकडं, तिच्या डाळिंबी लुगड्याकडं, सरळ. बघितलं आणि आम्ही तिथं नव्हतोच. दगड असतो तसे आम्ही दोघं.

मग ते पाण्यात उतरलं. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून मान खाली घातली आणि प्यायला लागलं. मी तरुणपणी किती सांबरं बघितली असतील. पण पाणी पिऊन झालेलं सांबर मी कधी बघितलं नव्हतं. त्याच्या आधीच बार निघायचा. ते किती वेळ पितं मला ठाऊकच नव्हतं. लय वेळ पितं. मधेच थांबतं, डोकं वर करतं, हनुवटीवरून पाणी ठिबकतं, ते थेंब पाण्यात पडलेले ऐकू येतात. पुन्हा पितं. गळ्यातून घोट उतरताना दिसतो. आभाळाचा सगळा तांबूस उजेड त्याच्या ओल्या नाकावर आला होता. मी म्हातारा झालो, माझे बरेच देव करून झाले, पण असं मी कुठल्या देवळात हात जोडून बसलो नव्हतो.

पिऊन झालं तसं ते आमच्याकडच्या काठावर चढलं. इतकं जवळ आलं की त्याचा वास आला, ओल्या केसांचा, रानाचा. तिच्या समोर उभं राहिलं. घोंगडीखाली तिनं माझा हात दाबला, आणि बांगड्या गप होत्या. सांबरानं तोंड पुढं केलं. नाकपुड्या उघडल्या, मिटल्या. ती आणि ते, एकमेकांकडं बघत होते. मला त्या वेळी काय वाटलं ते लिहिण्याएवढं शिक्षण माझं नाही.

मग ते वळलं आणि चालत गेलं. पळालं नाही. चालत गेलं.

ते दिसेनासं झालं तेव्हा ती बोलली. "अवो, पापण्या हायत त्याला. लांब लांब."

"हायत."

"आणि तोंड अगदी तुमच्या आत्यासारखं. लांबुडकं, रुसलेलं."

"आत्याला ऐकू गेलं तर वर गेल्यावर बघून घेईल तुला."

ती हसली. उतरताना मधेच थांबून म्हणाली, "लय सांबरं खाल्ली आपण." मी म्हटलं, तेव्हा भूक होती. ती म्हणाली, "होती खरी." आणि पुढं चालायला लागली. घरी आल्यावर लुगडं बदललं, भात टाकला, शेजारणीला हाका मारून सगळं पहिल्यापासून सांगितलं, कान कसे हलले ते हातांनी करून दाखवलं. मग झोपली.

पहाटे मी उठवायला गेलो तर उठली नाही.

सकाळी वाडी जमली. मुलाला फोन झाला, तो मुंबईहून निघाला. बायका आत गेल्या, मला बाहेर बसायला सांगितलं. कुणीतरी हिरवं लुगडं आणायला पोलादपूरला गेलं. मी मागच्या दारी गेलो. रात्री बदललेलं लुगडं तिथं दोरीवर होतं, आणि त्याच्या काठाला, निऱ्यांना, सगळीकडं गवताची कुसळं रुतलेली. मी ते उतरवून मांडीवर घेतलं आणि पायरीवर बसून एकेक कुसळ उपसायला लागलो. आत मोडू नये म्हणून मुळापासून.

शेजारीण पाणी न्यायला आली. "भावजी, ते कशाला साफ करताय? ते नदीत सोडायचं हाय."

"सोडा," मी म्हटलं. "माझं होऊ दे आधी."

ती घागर घेऊन आत गेली. मी काठ फिरवला आणि दुसऱ्या बाजूची काढायला घेतली.