पहिली टेस्ट पडलीच पाहिजे

सुनंदाताई गेल्याची बातमी मला तिच्याच फोनवर कळली, आणि तीही माझा प्रश्न पुरता विचारून झाल्यावर. फोन उचलला गेल्याबरोबर मी सुरूच झालो होतो. "ताई, रागावू नको, एकच विचारतो. दोन सारख्या नावांचे शेतकरी टाकले अन् त्यातला एक खोडला की तुझी टेस्ट पडून राहिली. काहून?" पलीकडे कुणीतरी शांतपणे ऐकत होतं. मला वाटलं विचार करते आहे, म्हणून मी आणखी खुलासा केला, शेतकऱ्यांची नावंसुद्धा सांगितली... मग तिच्या आईंचा आवाज आला. "बाबू, ते गेली रे. पहाटे." मी काय बोललो ते मला आठवत नाही. त्या काय बोलल्या ते आठवतं. त्या म्हणाल्या, "तुह्यं काम अडलं का मग? आता कोणाले विचारशीन तू?"

त्यात भर म्हणजे हाच प्रश्न विचारायला मला सुनंदाताईनं सक्त मनाई केली होती. पण ते नंतर येईल. आयुष्यात मी नेहमी उत्तराच्या आधी चूक करत आलोय, तोच क्रम इथेही ठेवतो.

आमचं ऑफिस रामदासपेठेत, एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर. लॅबचा बोर्ड जिन्याखाली दडलेला, त्यामुळे निम्मे पेशंट आधी आमच्याकडे चढून यायचे. कामावरच्या पहिल्याच दिवशी एका वयस्कर गृहस्थांनी माझ्या टेबलावर एक छोटी बाटली ठेवली आणि मी ती दोन्ही हातांनी घेऊन "धन्यवाद काका" म्हणालो. नव्या माणसाला इथे मध देत असतील असा माझा समज. समोरच्या खुर्चीतून आवाज आला, "झाकण उघडू नको गा." सुनंदा गजभिये हिनं मला उद्देशून काढलेलं हे पहिलं वाक्य. पुढची सगळी वर्षं ती मला थोड्याफार फरकानं हेच सांगत राहिली.

मी प्रोग्राम लिहायचो, ती तपासायची. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. सॉफ्टवेअर बरोबर चालतं की नाही हे पाहायला आणखी एक छोटं सॉफ्टवेअर लिहितात. ते माणसाऐवजी आपणहून शंभर प्रश्न विचारतं आणि उत्तर चुकलं की लाल ओळ दाखवतं. त्याला आम्ही टेस्ट म्हणतो. टेस्ट पास झाली की हिरवी, पडली की लाल. बाकीचे टेस्टर हिरवं दिसलं की चहाला जात. सुनंदाताई हिरवं दिसलं की संशयानं पाहायची. मग प्रोग्राममधली एक धडधाकट ओळ मुद्दाम मोडायची आणि टेस्ट पुन्हा चालवायची. आता लाल झाली तरच तिचा टेस्टवर विश्वास बसे. "जे पडूच शकत नाही, त्याच्या पास होण्याले काय अर्थ आहे?" हा गुण घरचा होता. नंदनवनमधल्या त्यांच्या घरी कुणी काहीही बातमी आणली, अगदी कोपऱ्यावर भाजी स्वस्त झाली म्हटलं, तरी आई विचारत, "तू सोता पाह्यलं का?" सांगणारा निम्म्या वेळा गप्प व्हायचा. मी तर कायमच.

आमचं पहिलं पॅकेज एका दवाखान्यासाठी होतं. पेशंटची नोंद करायची, शोधायची, दुरुस्त करायची, खोडायची. सुनंदाताईनं त्याच्या टेस्ट फार सुरेख लिहिल्या होत्या. मग जरीपटक्यातल्या एका वाचनालयाचं काम आलं. आता दवाखान्यात माणसं नोंदवायची, वाचनालयातही माणसंच नोंदवायची. मी म्हटलं, एवढ्यासाठी पुन्हा डोकं कशाला चालवायचं? दवाखान्याचं सगळं सामान, टेस्टसकट, उचलून वाचनालयाच्या फोल्डरमध्ये टाकलं आणि कॉम्प्युटरला एकच हुकूम दिला की जिथे जिथे 'पेशंट' दिसेल तिथे 'वाचक' कर. कॉम्प्युटर आज्ञाधारक. त्यानं केलं. टेस्ट सगळ्या हिरव्या. मी स्वतःवर इतका खूश की ग्रंथपालांना दाखवायला स्वतः गेलो. ते चष्मा पुसून स्क्रीनकडे बघत राहिले. स्क्रीनवर लिहिलं होतं, 'वाचकाचा रक्तगट'. त्याखाली, 'वाचक कोणत्या वॉर्डात आहे?' आणि सर्वांत खाली एक मोठं बटन, 'वाचकाला डिस्चार्ज द्या'.

"भाऊ," ग्रंथपाल म्हणाले, "आमच्याकडे वाचक झोपते, हे खरं आहे. पण आम्ही त्याले अ‍ॅडमिट नाही करत."

ऑफिसात हे कळल्यावर सुनंदाताई इतकी हसली की लॅबवाले वर बघायला आले. मी रुसून बसलो. डोळे पुसत ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि एकदम गंभीर झाली. "पण तुह्यं एक बरोबर आहे गा. माणूस दवाखान्यातला असो का वाचनालयातला, प्रश्न तर तेच आहे न. टाकला तर सापडते का? दोन सारख्या नावाचे असले तर? खोडला तर दुसराच तर नाही गेला? मग तेच प्रश्न आपण दरवेळी नक्कल काहून करून राहिलो? नक्कल केली की एकीकडे दुरुस्त होते अन् दुसरीकडे सडत राहते."

तिथून ती पेटी सुरू झाली. आम्ही तिला पेटीच म्हणायचो. बोर्डाची परीक्षा असते तशी तिची कल्पना होती. प्रश्नपत्रिका एकच, एकाच जागी ठेवलेली, आणि शाळा आपापल्या. पेटीतल्या टेस्टना दवाखाना म्हणजे काय आणि वाचनालय म्हणजे काय, हे ठाऊकच नसायचं. प्रत्येक पॅकेजनं फक्त एवढंच सांगायचं की आमच्याकडे माणूस कसा नोंदवतात आणि कसा खोडतात. बाकी प्रश्न पेटी विचारेल. ऐकायला सोपं आहे. करायला बसलो तेव्हा कळलं, की दवाखाना तिच्या टेस्टमध्ये कुठे कुठे शिरून बसला होता. माझ्यानंतर वाचनालयाचं काम हाती घेतलेल्याचा फोन आला, "ताई, हे मले खाटेचा नंबर मागून राहिलं." तिनं खाट काढली. मग रक्तपेढीच्या पॅकेजवाल्याचा फोन आला, मग एका वसतिगृहाच्या. दर फोनला ती दोन कामं करायची. आधी त्याची अडचण सोडवायची. आणि मग स्वतःला विचारायची की याला मला विचारावं का लागलं? त्याचं उत्तर ती त्या टेस्टमध्येच लिहून ठेवायची, म्हणजे टेस्ट पडली की लाल ओळीखाली तो मजकूर उमटेल. मजकूर ती बोलायची तसाच लिहायची. 'आधी जुनी माणसं काढ, मंग नवे टाक. घर न झाडता पाहुणे काहून बोलावून राहिला?' आमचे साहेब म्हणाले, हे जरा व्यावसायिक वाटत नाही, इंग्रजीत लिहा. सुनंदाताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, इंग्रजीत लिहिलं तर हा वाचत नाही." साहेब म्हणाले, मराठीत लिहिलं तर वाचतो का? ती म्हणाली, "मराठीतही नाही वाचत. पण मले राग काढता येते."

तिचा राग रास्त होता. लाल ओळ दिसली की मी खाली काय लिहिलंय ते न वाचता थेट तिच्याकडे मान वळवायचो. वर्षानुवर्षांची सवय.

रक्तपेढीच्या वेळची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिथे माझी कीर्ती झाली. पेटी मीच जोडली, चालवली, आणि पहिल्याच फटक्यात हिरवं. एकही लाल ओळ नाही. आजवर असं कुणाचंच झालं नव्हतं. मी सगळ्या ऑफिसला तर्री पोहे मागवले. खाली लॅबवाल्यांनाही दिले. सुनंदाताई प्लेट हातात घेऊन माझ्या टेबलाशी आली. "तोडून पाह्यलं का?" मी म्हटलं, हिरवं आहे न ताई, आता काय तोडायचं. तिनं प्लेट खाली ठेवली, शोधायची ओळच मोडून टाकली, आणि चालवलं. हिरवं! रक्तपेढीत एकही माणूस सापडत नव्हता आणि टेस्ट आनंदात होत्या. मी पेटीचा पत्ता चुकीचा लिहिला होता. कॉम्प्युटरला तिथे एकही टेस्ट मिळाली नाही, आणि टेस्टच नाही म्हटल्यावर पडणार कोण? म्हणून त्यानं इमानदारीत हिरवी ओळ दाखवली.

"शाळा बंद आहे गा," ती म्हणाली, "अन् तू शंभर टक्के निकाल सांगून राहिला." मग इतरांकडे वळून म्हणाली, "पोहे खाऊन घ्या सगळे, गरम आहे तोवर."

त्या दिवशी तिनं पेटीत सगळ्यांच्या वर एक टेस्ट घातली. ती नेहमी पडते. पडायलाच लिहिलेली आहे. दोन आणि दोन पाच होतात का, एवढंच विचारते आणि लाल होते. नियम असा की ही एक लाल ओळ दिसली तरच पेटी जोडली गेली असं मानायचं. ती दिसली नाही, तर बाकीचं कितीही हिरवं असो, शाळा बंद आहे. त्या लाल ओळीखाली तिनं लिहिलं, 'मी पडली, म्हणजे बाकीच्या चालू आहे. कामाले लाग.'

पेटी मोठी झाली, पॅकेजं वाढली. साहेब तिला शाबासकी द्यायचे. पण ती म्हणायची, अजून झालं नाही. "जोवर मले फोन येते, तोवर ते पेटी नाही. तोवर ते मीच आहे. ज्यानं मले कधी पाह्यलं नाही, असा कोणी तरी तिले लावन, अन् मले न विचारता त्याचं चालन, तवा मी म्हणीन झाली." तिला याच गोष्टीचा ध्यास होता. पगार, बढती यांबद्दल मी तिला कधी बोलताना ऐकलं नाही. फोन यायचे. दर वेळी तिचा चेहरा किंचित उतरायचा... मग ती पुन्हा दोन ओळी लिहायची.

आजारपणात ती घरीच असायची. मी शेवटचा भेटलो तेव्हा संत्रा बर्फी घेऊन गेलो होतो. गोड तिला बंद होतं, हे मला डबा उघडल्यावर कळलं, मग ती मीच खाल्ली. त्या वेळी अमरावतीची एक छोटी कंपनी संत्र्यांच्या शीतगृहासाठी, तिथे माल ठेवणाऱ्या शेतकऱ्यांच्या नोंदीचं पॅकेज लिहीत होती आणि आमची पेटी वापरणार होती. तिथलं कुणीच तिला ओळखत नव्हतं. ती उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "त्यायचा फोन आला का?" मी म्हटलं, नाही अजून. तिच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी विसरणार नाही. "आला तरी तू काही सांगू नको गा. अन् मलेही विचारू नको. पाहू दे." आई पाणी घेऊन आल्या. "अवं, पण जमलं का त्यायले? तू पाह्यलं का?" ती हसली. "नाई न आई. तेच तर पाहाचं आहे." निघताना मी दारातून "जयभीम ताई" म्हटलं, तर तिनं बर्फीच्या रिकाम्या डब्याकडे बोट दाखवून हात जोडले.

मग अमरावतीच्या त्या कंपनीतल्या गौरवचा फोन आला. तोच तो दोन सारख्या नावांच्या शेतकऱ्यांचा प्रश्न. मला उत्तर येत नव्हतं. मनाई लक्षात होती, तरी बोटं सवयीनं तिच्याच नंबरकडे गेली... पुढचं तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी मी गौरवला एवढंच कळवलं, "थांबा, बघून सांगतो." आणि ते पार विसरून गेलो.

काही आठवड्यांनी त्याचाच फोन आला. मी ओशाळून माफी मागायला लागलो, तर तो म्हणाला, "नाही सर, ते झालं न."

"झालं? कसं?"

"खाली लिहिलंच होतं. तुम्ही थांबा म्हटलं म्हणून आम्ही बम दिवस थांबलो. मंग कंटाळून वाचलं." आणि त्यानं मला वाचून दाखवलं. 'एका नावाचे दोन माणसं असतात बावा. नाव पाहून खोडू नको, नंबर पाहून खोड. घाई कायची?' मग जरा संकोचून म्हणाला, "सर, हे कोणी लिहिलं? त्यायचा नंबर द्या न."

मी विचारलं, "काही विचारायचं बाकी आहे का त्यांना?"

"नाही सर. विचाराचं काहीच नाही. थँक्यू म्हणाचं होतं."

ज्या माणसानं तिला कधी पाहिलं नव्हतं, त्याचं काम तिला न विचारता चाललं होतं. मधे अडथळा आला तो फक्त माझा. तो थँक्यू मी तिच्या घरी पोचवला. आईंना सगळं सांगितलं. पेटी झाली आई, म्हटलं, आता ती खरंच झाली. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला माहीत होतं त्या काय विचारणार.

"तू सोता पाह्यलं का?"

आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे उत्तर होतं. मी अमरावतीला जाऊन आलो होतो. गौरवशेजारी बसून एक धडधाकट ओळ मोडली होती, टेस्ट लाल झाली होती, ओळ जोडल्यावर हिरवी झाली होती. "हौ आई," मी म्हटलं, "तोडून पाह्यलं." त्यांनी मान हलवली, आणि मग खूप वेळ हलवतच राहिल्या.

तिची खुर्ची ऑफिसात कुणीतरी वापरायला घेतली, तेही बरंच झालं. लॅबचे पेशंट अजून चुकून वर येतात आणि मी अजून "धन्यवाद" म्हणता म्हणता थांबतो. सकाळी कॉम्प्युटर लावला की पेटी चालते, आणि सगळ्यांत आधी ती एक लाल ओळ येते. आता मी घाईनं मान वळवत नाही. खाली काय लिहिलंय ते रोज पूर्ण वाचतो.

'मी पडली, म्हणजे बाकीच्या चालू आहे. कामाले लाग.'

हौ ताई, म्हणतो... आणि लागतो.