दुसऱ्या शिफ्टनं पाहिलेला नीलदुर्ग

चार माणसं, चार तास, एकाच खोलीत, हलायचं नाही. समोर भिंतीवर टीव्ही. आता अशा ठिकाणी किस्से साठणार नाहीत तर कुठं साठणार? लोक विचारतात, "ताई, तुमच्या तिथं तर सगळं गंभीर असेल ना?" असतं ना. पण माणूस गंभीर आजारी असला म्हणजे चोवीस तास गंभीर राहतो, असं कुणी सांगितलं!

मी डायलिसिस टेक्निशियन. बीड बायपासवरच्या एका लहान हॉस्पिटलात होते तेव्हाची गोष्ट. किडन्या निकामी झालेल्या माणसांचं रक्त आठवड्यातून दोनदा मशीनमधून स्वच्छ करून द्यायचं, हे आमचं काम. सोमवार-गुरुवारची दुसरी शिफ्ट अकरा ते तीन. तिच्यात चार जण: लासूर स्टेशनच्या बाजारातले मापाडी साहेबरावमामा, चितेगावच्या गयाबाईमावशी, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले देशपांडे सर आणि बजाजनगरची पल्लवी. ती सगळ्यांत लहान, अठ्ठावीस वर्षांची. आजारी पडेपर्यंत वाळूजच्या एका कंपनीत असेंब्ली लाइनवर होती.

दुष्काळाची वर्षं होती. हॉस्पिटलच्या चारी बाजूंनी नव्या बिल्डिंगा उठत होत्या, प्रत्येक बिल्डिंग आमच्यापेक्षा खोल बोअर घेत होती.

आणि टीव्हीवर 'नीलदुर्ग' चालू होती. एका जाडजूड पाच खंडांच्या कादंबरीवरून काढलेली भव्य हिंदी मालिका. निळा किल्ला, राणी, जादूगार, पंखवाले हत्ती. रविवारी संध्याकाळी नवा भाग, सोमवारी दुपारी बारा वाजता तोच पुन्हा. म्हणजे बरोबर आमच्या शिफ्टला!

* * *

पहिल्याच भागात राणीचा हत्ती उडाला. पल्लवीनं "आई गं!" म्हणून सुई लावलेला हात हलवला आणि मशीन कोकलायला लागलं.

साहेबरावमामांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तीस वर्षं धान्याची पोती तोललेला माणूस. डोळे बारीक करून त्यांनी हत्तीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चाळीस क्विंटलाच्या खाली नाय हे जनावर," ते म्हणाले. "अन् पंख बघा. दोन्ही मिळून पन्नास किलो. नाय उडायचं!"

"अहो मामा, उडतोय की!" मी म्हटलं.

"काट्यात फरक हाय," मामा म्हणाले.

* * *

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत मामांचं बीपी अचानक वाढायला लागलं. दर सोमवारी. गुरुवारी एकदम नॉर्मल. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढच्या सोमवारी परत वाढलेलंच. डॉक्टरांनी मीठ विचारलं, लोणचं विचारलं, मामींना बाहेरून बोलावून झापलं. मामी बिचाऱ्या शपथा घेतायत.

मग डॉक्टरांनी सगळ्यांची कागदं काढली. सोमवारी चौघांचंही बीपी चढलेलं! अगदी देशपांडे सरांचंसुद्धा, ज्यांचं एरवी खालीच असायचं.

"हे साडेबाराचं रीडिंग कोण घेतं?" डॉक्टर म्हणाले.

"मीच, सर. पण साडेबाराला लढाई असते ना."

डॉक्टरांनी टीव्हीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग मामांची वाढवलेली गोळी खोडली आणि खाली लिहिलं: बीपी जाहिरातीत घेणे!

* * *

देशपांडे सरांनी पाचही खंड वाचलेले. ही शिफ्टची मोठी अडचण होती. शेवट माहीत असलेला माणूस दोन हातांवर झोपलेला असला की बाकीच्यांना धाकधूकच. सर शेवट सांगायचे नाहीत, पण दर पाच मिनिटांनी म्हणायचे, "पुस्तकात असं नाही."

राणीचा घोडा पांढरा? पुस्तकात काळा आहे. जादूगाराला दाढी? पुस्तकात नाही.

सगळ्यांत जास्त राग त्यांना किल्ल्याच्या म्हाताऱ्या द्वारपालाचा. "हा दुसऱ्या खंडातच मरतो हो! चांगला बर्फात बसल्या बसल्या मरतो. काय प्रकरण आहे ते! आणि यांनी ठेवलाय जिवंत. नट महाग असेल, म्हणून वापरतायत." सरांनी चॅनेलला अकरा पानी पत्र लिहिलं. पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलं. मी टाकलंही. उत्तर काही आलं नाही.

त्या हिवाळ्यात सरांना हार्टचा त्रास झाला. दोन आठवडे आयसीयूत. त्यांचा मुलगा पुण्याहून आला, आमच्या डॉक्टरांशी दार लावून बोलला, आणि बाहेर येऊन बराच वेळ पार्किंगमध्ये नुसता उभा राहिला.

सर परत शिफ्टला आले तेव्हा निम्मे झाले होते. सोमवार होता. बारा वाजता मालिका लागली आणि पहिल्याच दृश्यात द्वारपाल. खोकतोय, पण दार उघडतोय.

मामांनी हळूच विचारलं, "सर, हा अजून हायच व्हय?"

सरांनी उशीवरून मान जरा वर केली.

"लेखकानं," ते म्हणाले, "जरा घाईच केली होती."

* * *

गयाबाईमावशींना मालिकेतली हिंदी कळायची नाही. मावशींचं मराठीच इतकं खणखणीत, की दुसऱ्या भाषेची कधी गरज पडली नव्हती. मग शेजारच्या खाटेवरून पल्लवी भाषांतर करायची.

राणी भर दरबारात गरजली, "हम इस अपमान का प्रतिशोध लेंगे!"

"काय म्हंती गं?"

"म्हणते, बघून घेईन."

"मंग सरळ म्हणावं की!" मावशी म्हणाल्या. "येवढा घसा कशाला फाडायचा!"

* * *

राणीचा हत्ती मेला तो सोमवार मी विसरणार नाही.

साहेबरावमामांच्या घरी त्या रविवारी लाइट होती, म्हणून मामींनी आदल्या संध्याकाळी भाग पाहिला होता. मामा मात्र शिफ्टसोबतच बघायचं म्हणून बाहेर ओट्यावर जाऊन बसलेले. सोमवारी बारा वाजता मालिका सुरू झाली, हत्तीच्या छातीत भाला लागला, आणि धाडकन दार उघडून मामी आत! आत यायला नातेवाइकांना बंदी होती.

"आवो, त्यो मरतोय बरं का!" मामी ओरडल्या. "आत्ताच सांगते. एकदम धक्का घेऊ नका, बीपी वाढंल!"

मामांनी डोळे मिटले. "वर्षभर औषध दिलंस," ते म्हणाले, "अन् आज इख दिलंस."

हत्ती मेला. फार हळू मेला. मामांच्या गालावरून पाणी ओघळून उशीवर पडायला लागलं. एका हाताला सुया, दुसऱ्याला बीपीचा पट्टा, पुसणार कसं? मी गॉजनं पुसलं. वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, "मामा, तुम्हीच म्हणत होता ना, हे जनावर उडायचं नाही?"

"ताई," मामा म्हणाले, "मेलेल्याचं वजन काढू नये."

* * *

आता पाण्याचं सांगते. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून. दिवसाला अर्धा-पाऊण लिटर. त्यात चहा आला, वरण आलं, गोळ्या गिळायचं पाणी आलं. लघवीच होत नाही, तर जास्तीचं पाणी जाणार कुठं? ते अंगात साठतं, मग फुप्फुसात. माणूस कोरड्यावर बुडतो. आणि मशीनला मात्र एका वेळी सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं.

एका सोमवारी मालिकेचा तीन तासांचा खास भाग होता आणि त्यात धबधबा. राणी धबधब्याखाली उभी. अर्धा भाग नुसतं पाणी! खोलीत चार गळे एकदम आवंढा गिळताना मी ऐकले. मी रिमोट उचलला तर मावशी म्हणाल्या, "राहू दे. बघायला तर मोजून देत नाय ना कुणी."

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "आमच्या चितेगावात चार दिवसाला टँकर. अन् ही बया नुसती पाय धुतीय!"

तेवढ्यात वॉर्डबॉयनं येऊन माझ्या कानात सांगितलं, टाकी तळाला गेली. टँकर बायपासच्या खोदकामात अडकला होता. चौघांना चार-चार तास पुरेल इतकं पाणी नव्हतं. आणि पल्लवी त्या दिवशी धापा टाकत आली होती. आदल्या दिवशी मुलीचा वाढदिवस झाला होता. पोरीनं स्वतःच्या हातानं सरबताचा पेला आणला, हिला नको म्हणवलं नाही. मग दुसरा. तिला पूर्ण चार तास द्यायलाच हवे होते.

मी डॉक्टरांना फोन लावत होते तोच मावशी म्हणाल्या, "माझं बंद कर."

"मावशी, तुमचे दोनच तास झालेत."

"मला ऐकू येतं, त्यो कानात बोलला तरी. माझं वजन कमीच वाढलंय. बंद कर अन् तिला दे."

पल्लवी रडायला लागली. "नको मावशी, मीच चूक केली."

"पोरीच्या हातचं पिलीस," मावशी म्हणाल्या. "ती काय चूक असती व्हय?"

डॉक्टर फोनवर हो म्हणाले. मी मावशींचं मशीन थांबवलं. गुरुवारी त्या आल्या तेव्हा पाय सुजून चप्पल घालता येत नव्हती. मुलाच्या खांद्यावर हात टाकून अनवाणीच आल्या.

त्या सोमवारी टँकर दीड तासानं आला. ड्रायव्हर सलीमभाई सहीसाठी दारात उभे राहिले. धबधबा संपून टीव्हीवर आता अख्खा नीलदुर्ग जळत होता. सैनिक, घोडे, बायका सैरावैरा पळतायत. सलीमभाई आ वासून बघत राहिले.

"इत्ती बडी आग लगी," ते म्हणाले, "और एक टँकर नै बुलाए?"

सगळ्यांत आधी हसली ती पल्लवी. ऑक्सिजनचा मास्क लावलेला, त्यातून हसली.

* * *

पल्लवीला तिची आई किडनी देणार होती. तपासण्या झाल्या, जुळली नाही. नवऱ्याचीही नाही. नंबर लावून ठेवला होता. हे सगळं पल्लवीनं आम्हाला एका जाहिरातीच्या वेळात सांगितलं, आणि मालिका लागल्यावर थांबली.

त्याच भागात राणी आजारी पडते. राजवैद्य नाडी धरून बसतो आणि जड आवाजात म्हणतो की महाराणी, आपल्याकडे आता फार थोडे दिवस उरले आहेत. आम्हा बाकीच्यांना कळलं. सरांनी मान भिंतीकडं वळवली.

"काय म्हंतो गं वैद्य?" मावशींनी विचारलं.

पल्लवीनं मावशींकडं मान वळवली.

"म्हणतोय, पाणी कमी प्या."

* * *

उन्हाळ्याच्या शेवटी पल्लवीला इन्फेक्शन झालं. मोठ्या दवाखान्यात नेलं, आठ दिवस तिथं होती. शनिवारी सकाळी तिच्या नवऱ्याचा मला फोन आला. त्याला धड बोलता येत नव्हतं. "ताई, पुढच्या वेळेची तिची जागा..." एवढंच म्हणाला, आणि फोन तसाच चालू राहिला. मीही ठेवला नाही.

सोमवारी नीलदुर्गचा शेवटचा भाग होता.

आमच्याकडं एक रीत आहे. कुणी गेलं, तर शिफ्टमधल्या बाकीच्यांना सांगायचं नाही. शिफ्ट बदलली म्हणायचं. नव्या टेक्निशियनला सुई लावायच्या आधी हे शिकवतात. मीही तसंच केलं. मावशींची सुई लावताना, त्यांच्या हाताकडंच बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पल्लवीनं सकाळची शिफ्ट घेतली. मुलीच्या शाळेसाठी."

मे महिना होता. शाळा बंद होत्या. ते माझ्या नंतर लक्षात आलं.

"बरं," मावशी म्हणाल्या.

तिसरी खाट रिकामी. तिच्यावरची चादर मीच सकाळी बदलली होती. बाराला पाच कमी असताना मी टीव्ही लावला. मागचं वर्षभर काय काय झालं ते भराभर दाखवत होते. मग नाव आलं, नगारे वाजले, निळा किल्ला दिसायला लागला.

"बंद कर ते," मावशी म्हणाल्या.

मला वाटलं आवाज मोठा झाला. मी कमी केला.

"बंद कर."

"मावशी, शेवटचा भाग आहे. आज संपणार."

"म्हणूनच. ती सकाळच्याला येती म्हंतीस ना? मंग सकाळी कुठं लागतंय हे? तिचं राहिलं की बघायचं." मावशींनी मान वळवून मामांकडं पाहिलं. "तिची शिफ्ट परत बदलंल कवातरी. ती आली म्हंजी समदे संगं बघू."

मामा छताकडं बघत होते. "व्हय," ते म्हणाले. "काय घाई नाय."

मी सरांकडं पाहिलं. निदान ते तरी काही बोलतील म्हणून. सरांनी चष्मा काढला, मोकळ्या हातानं घडी घालून छातीवर ठेवला.

"मला शेवट माहीत आहे," सर म्हणाले. "पण मी कुणाला सांगणार नाही."

मी टीव्ही बंद केला. बारा वाजून दोन मिनिटं झाली होती. आणि तीन वाजेपर्यंत ते तिघंही त्या काळ्या पडद्याकडं बघत पडून राहिले.