टेलरमास्तरांची सुई

बाजाराच्या टोकाच्या त्या चिंचोळ्या दुकानात टेलरमास्तरांनी चाळीस वर्षं बायकांचे झगे शिवले. झालर, लेस, मोत्यांची बटणं, सगळं याच दोन हातांनी. आणि या गृहस्थांचं ठाम मत काय, तर सुई-दोरा हा पोरींचा खेळ. अकलेचे असे तारे तोडायला गळ्यात टेप अडकवलेला माणूसच लागतो.

सून कामावर गेली की पाच वर्षांची जुळी नातवंडं दुपारभर दुकानात असत. नातीचा सगळा जीव मशीनच्या चाकात आणि तेलाच्या बुधलीत. नातू कापडाच्या ढिगात फतकल मारून चिंध्या रंगांप्रमाणे लावत बसायचा. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. एकदा ते दोऱ्याला थुंकी लावून लावून दमले, तेव्हा नातवाने सुई घेतली आणि पहिल्या झटक्यात ओवून दिली. मग रोज वीस-पंचवीस सुया ओवून उशीत टोचून ठेवायचं त्याला वेडच लागलं. मास्तरांनी कधी हरकत घेतली नाही. सोयीचं होतं ना.

मग एके दिवशी पोराने बहिणीच्या बाहुलीला चिंधीचा झगा शिवला. टाके वेडेवाकडे, पण चुण्या अगदी जागच्या जागी. माप द्यायला आलेल्या एक बाई हसल्या, "मास्तर, नातू बाहुल्यांत रमलाय की." झालं, मास्तरांना मिरच्या झोंबल्या. त्यांनी पोराच्या हातून सुई हिसकावली. "मुलींची कामं करतोस? लाज नाही वाटत?" त्याच्यापुढे खेळण्यातला ट्रक आदळला, नातीची बुधली काढून घेतली आणि तिच्या हातात बाहुली कोंबली.

संध्याकाळी मुलांना न्यायला आलेल्या सुनेने सगळं ऐकून शांतपणे विचारलं, "मग बाबा, तुम्ही इथे काय करता?"

"माझं ते पोटापाण्याचं काम आहे. खेळाचं वेगळं."

म्हणजे पैसे मिळाले की सुई पुरुषाची, नाहीतर बाईची. काय हा न्याय! हाच धडा मास्तरांनी पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलाला दिला होता. तो आज कचेरीत बसतो, शर्टाचं बटण तुटलं की बायकोचं तोंड बघतो. आणि दुकान पुढे चालवायला कुणी नाही, हे रडगाणं मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. हातची विद्या आपल्याबरोबरच जाणार, याची त्यांना खरोखर धास्ती होती. धास्ती होती, पण डोकं चालवायची तयारी नव्हती.

आठवड्याभराने नवरीचा झगा न्यायला नवरी स्वतः आली. गळ्याचे मोती टाचायचे राहिले होते आणि ओवलेल्या सुया संपल्या होत्या. मास्तरांनी सुई उजेडात धरली. दोरा कधी उजवीकडून गेला, कधी डावीकडून. त्यांनी नातीला हाक मारली. ती बाहुलीचे दोन्ही हात पिरगळून काढून आत काय आहे ते बघत होती. तिने दोरा चावून त्याचा चोथा केला आणि सुई परत दिली.

नवरी घड्याळाकडे बघू लागली. शेवटी मास्तर नातवाकडे वळले, आवाज मऊ करून. "बाळा, एवढी ओवून दे रे."

पोराने ट्रक सोडला आणि सुईकडे बघितलं. त्याचा हात पुढे येऊ लागला होता, तेवढं मास्तरांना त्या डोळ्यांनीही दिसलं. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"नको आजोबा. मला लाज वाटते."