निम्म्याकाकूंची उजवी चप्पल

आमच्या इमारतीतल्या निम्म्याकाकूंचं खरं आडनाव बहुधा पोस्टमनलाच ठाऊक असेल. दुकानदाराने कसलाही भाव सांगितला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "निम्म्यात देता का?" मग ते बटाटे असोत, बादली असो, नाहीतर लेकीच्या नव्या घरातलं कपाट. एकदा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या तेव्हाही सवयीने तोंडून तेच निघालं, आणि डॉक्टरांनी गडबडून खरंच एक गोळी खोडली.

इमारतीत कुणाला काही मोठं घ्यायचं असलं की काकूंना बरोबर न्यायचं, असा रिवाजच पडला होता. आधी त्यांना चहाला बोलावणं यायचं, मग इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच सोफ्याचा विषय निघायचा. काकूंना तो डाव पहिल्या घोटालाच कळायचा, आणि आवडायचाही. मुलं आपापल्या संसारात गुरफटलेली, काकांचं बोलणं 'हं' आणि 'बरं' यांच्या पलीकडे क्वचित जाणारं. परक्याच्या खरेदीला जाऊन जिंकून येणं, हाच त्यांचा मान होता.

त्यांची खरी रणभूमी म्हणजे कोपऱ्यावरचं चादरी-पडद्यांचं दुकान. तिथे चपला पायरीपाशी काढून गादीवर बसायचं. समोर एक उंच, सडपातळ विक्रेता. तो चादर अशी फडकवायचा की क्षणभर वाटावं, आता हिच्याखालून कबुतरं उडणार. तो दुप्पट भाव सांगे, काकू निम्मा मागत, तो कपाळाला हात लावी, काकू उठत. आता खरी कला. पायरीपाशी आल्या की त्या डावी चप्पल झटकन घालत, उजवी मात्र सापडतच नसे. सापडली तर तिचा पट्टा बसत नसे. ती पायात जायच्या आत आतून हाक यायलाच हवी, "अहो काकू, या, बसा." आणि ती यायचीच. कॉलेजात मला अर्थशास्त्र होतं. मागणी-पुरवठ्याच्या रेघा मी पट्टी धरून सुबक आखल्या आहेत. त्या दोन रेघा जिथे छेदतात तिथे एक बाई उजवी चप्पल शोधत उभी असते, हे मात्र पुस्तकात नव्हतं.

मग साथ आली आणि सगळं बंद झालं. दुकानांना कुलपं, रस्ते ओस, माणसं घरात. सुरुवातीला सगळ्यांनी काटकसरीच्या शपथा घेतल्या. कामाच्या बायकांना 'सध्या येऊ नका' म्हणताना पगारही 'सध्या' थांबले. तिसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापिकाबाईंनी तर साधेपणावर मोबाईलवरून व्याख्यान दिलं. आणि त्याच आठवड्यात फाटकापाशी खोकी यायला लागली. प्राध्यापिकाबाईंकडे नूडल्स पाडायचं यंत्र आलं. आमच्या ह्यांनी दुर्बीण मागवली. जन्मात कधी मान वर करून आकाश न पाहिलेला माणूस, पण सवलत होती म्हणे. ती सवलत संपायला काही मिनिटं उरल्याचं घड्याळ पडद्यावर टिकटिकत होतं, त्यामुळे बिचाऱ्यांचा इलाज नव्हता.

ह्या खरेदीत वस्तूची किंमत, वर पोहोचवण्याचे पैसे, वर बांधणीचे, वर कसलंसं 'सोयीचं शुल्क'. सगळे अंगठ्याने मुकाट कबूल करत होते. मोबाईलला कुणी म्हणेना, निम्म्यात देतोस का.

काकूंना चहाला बोलावणं बंद झालं. त्यांनी एकदा माझ्या दारात उभं राहून, लांबूनच, दुर्बीण केवढ्याला पडली ते विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला न्यायचं तरी." कुठे न्यायचं होतं, ते मला विचारवेना.

अशात एके सकाळी फाटकापाशी भाजीची हातगाडी आली. गाडीवाल्याच्या तोंडावर मास्क, डोक्याला टोपी. पण त्याने कोबीचा गड्डा दोन्ही हातांवर तोलून असा पुढे धरला, वरचं पान असं हळुवार उलगडलं, की बाल्कनीतूनही मी ओळखलं. टोमॅटो दाखवताना तर "रंगाची खात्री देतो" म्हणाला. चादरवालाच तो. दुकान बंद, पगार बंद, म्हणून गाडी भाड्याने घेतलेली. पण भाजीत नवखा होता आणि मनाने मऊ. भाव सांगायचा तो सरळ, बाजारातून आणलेल्या किमतीवर चार पैसे चढवून, बस.

आमच्या इमारतीने त्याची काय दशा केली म्हणून सांगू. सोयीचं शुल्क मुकाट भरणारी माणसं बाल्कन्यांतून वांग्यासाठी भांडायला लागली. माणूस समोर दिसला की आम्हाला कंठ फुटतो. प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, संकटाचा फायदा घेणारे हेच लोक. तो म्हणायचा, "ताई, याच्या खाली मला परवडत नाही." ते खरंच होतं, म्हणून कुणाला पटत नव्हतं. तो अर्धी गाडी भरलेलीच परत नेई, आणि उन्हात भाजी माना टाकी.

शेवटी प्राध्यापिकाबाईंनीच काकूंना हाक मारली. तुम्हीच खाली उतरा आता, त्याला सरळ करा. किती दिवसांनी कुणाला त्यांची गरज पडली होती. त्या इस्त्रीची साडी नेसून उतरल्या. मी पिशवी घेऊन मागे.

काकूंनी भाव विचारला. त्याने सांगितला. "निम्म्यात देता का?" त्याने मान हलवली. काकू वळल्या, फाटकाच्या पायरीपर्यंत गेल्या आणि उजव्या चपलेचा पट्टा नीट करायला वाकल्या. सगळ्या बाल्कन्या श्वास रोखून. पट्टा नीट झाला. पुन्हा सुटला. पुन्हा नीट झाला. हाक आलीच नाही. वरून कुणीतरी फिसकन हसलं. एवढ्या वर्षांत काकूंना चप्पल पूर्ण घालावी लागलेली मी प्रथमच पाहिली.

दुसरी कुणी असती तर तणतणत वर गेली असती. काकू परत गाडीपाशी आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "हाक का नाही मारली?"

तो कोबीवर पाणी शिंपडत राहिला. "मारून काय करू, काकू? सोडायला भावात काही ठेवलंच नाही."

"मग ठेवायचं. इतकी वर्षं दुकानात काय झोपा काढल्या?"

"तिथे मालकाचा भाव होता. आणि लोक अडचणीत आहेत, दुप्पट सांगायला जीभ वळत नाही. हा आठवडा असाच गेला तर गाडी परत करणार. मग घरी काय सांगू, तेवढं सुचत नाही."

काकूंनी फाटकापाशी रचलेल्या रिकाम्या खोक्यांकडे बोट केलं. ढीग माझ्या खांद्याला लागला असता. "ते बघा अडचणीतले लोक," म्हणाल्या. "भाजी महाग आहे म्हणून ओरडत नाहीत हो ते. घरात बसून जिंकायला काही उरलं नाहीये. उद्या दुप्पट सांगा."

दुसऱ्या दिवशी त्याने दुपटीहूनही जरा चढाच भाव सांगितला. बाल्कन्यांत हाहाकार. काकू उतरल्या, भाव ऐकून फाटकाला धरून उभ्या राहिल्या. भाजी आहे का दागिने, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतपत विचारून झालं. निम्मा मागितला. त्याने कपाळाला हात लावला, तोही जुन्या झोकात, पोटावर पाय देऊ नका म्हणाला. काकू वळल्या. डावी चप्पल होतीच पायात, उजवीचा पट्टा सुटला.

"अहो काकू, या," मागून हाक आली. "तुमच्यासाठी म्हणून देतो, कुणाला सांगू नका."

कुणाला सांगायचं उरलं होतं? अख्खी इमारत ऐकत होती. टाळ्या पडल्या. दोऱ्या सोडून टोपल्या खाली आल्या. आदल्या दिवसापर्यंत त्याला संकटाचा फायदा घेणारा म्हणणाऱ्या प्राध्यापिकाबाईंनी दोन कोबी घेतले, घरात माणसं दोन असताना. आमचे हे फोनवर आपल्या भावाला सांगत होते, आमच्याकडे भाजी अगदी निम्म्यात मिळते.

जिना चढता चढता मी मनात हिशेब केला आणि मधल्या पायरीवर थबकले. ठरलेला 'निम्मा' भाव कालच्या सरळ भावापेक्षा थोडा वरचा होता. मी काकूंकडे पाहिलं.

"बघतेस काय," त्या म्हणाल्या, "पिशवी फाटेल, खालून धर."

मी खालून धरली. आणि उद्यासाठी टोमॅटो सांगून ठेवले.

गाडी परत करायची वेळ आली नाही. रोज सकाळी नाटक, रोज विजय, दुपारच्या आत फळकुटं रिकामी. दुर्बिणीचाही उपयोग झाला, आज गाडीवर काय आलंय ते हे वरूनच सांगत. काकूंना जिन्यात लोक वाट देऊ लागले. चहा कुणी विचारला नाही, कारण तो द्यायला त्यांना घरात घ्यावं लागलं असतं. पण 'आमच्या काकू' झाल्या त्या.

पुढे बंद उठला. दुकान उघडल्याचं कळताच काकूंनी एका चादरीचं निमित्त काढलं आणि मला घेऊन निघाल्या. पायरीपाशी पाहिलं तर आत भिंतीवर पाटी, 'एकच भाव'. मालकही बंदच्या काळात मोबाईलवरून शिकला होता. प्रत्येक चादरीला छापील चिठ्ठी चिकटवलेली. काकूंचा चेहरा पडला. आल्यासारखं बसायचं म्हणून त्या चपला काढून बसल्या.

चादरवाला पुन्हा आपल्या जागेवर होता. त्याने एक चादर फडकवली, कबुतरं उडाली. काकूंनी कसंनुसं विचारलं, "केवढ्याला?"

त्याने गल्ल्यावरच्या मालकाकडे पाहिलं. मालक मोबाईलमध्ये. मग त्याने छापील चिठ्ठीवर अंगठा ठेवला आणि न कचरता दुप्पट भाव सांगितला. अंगठ्याखाली काय आहे ते मी आधीच वाचलं होतं. काकूंची नजर तर माझ्याहून तीक्ष्ण.

"निम्म्यात देता का?" काकूंच्या आवाजाला धार आली.

"नाही परवडत, काकू."

काकू उठल्या. पायरीपाशी गेल्या. डावी चप्पल झटकन पायात गेली. उजवी त्यांच्या समोरच पडली होती, आणि त्या ती शोधत होत्या.