बघू चालत नाही

भूपेश पाटलांच्या वर्गात एक शब्द बंद होता. शिवी नव्हे, शिव्यांना तर सगळ्याच वर्गांत बंदी असते आणि त्या सगळ्याच वर्गांत दिल्या जातात. बंद होता तो ‘बघू’. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तांबड्या खडूनं लिहिलेलं असायचं, ‘बघू चालत नाही’, आणि फळा पुसणारा पोरगा तेवढी ओळ सोडून पुसायचा.

ही कोरीटच्या पुढच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा. गुरुजी गावचेच, कैलासवासी छगन पाटलांचे चिरंजीव. नोकरीची पहिली वर्षं धडगावच्या डोंगरात गेली. तिथं पोरांना यांची मराठी कळेना आणि यांना पोरांची पावरी कळेना, तेव्हा हातवारे करून, सोंगं काढून शिकवायची सवय लागली. बदली होऊन घराजवळ आले तेव्हा सोंगंही सोबत आली आणि त्यांचा खेळ झाला.

खेळ साधा. एक प्रसंग घ्यायचा. मित्रानं चोरी केलीय आणि ती फक्त तू पाहिलीस. किंवा, बाप म्हणतो शेळी वीक, आजी म्हणते विकू नको, आणि दोर तुझ्या हातात आहे. कुणी बाप व्हायचं, कुणी आजी, आणि शेळी व्हायला तर मारामारी. रंग भरला की गुरुजी ओरडायचे, “थांबा!” सगळे जागच्या जागी. मग ज्याच्यावर पाळी आली त्याच्यापुढे पंजा धरून गुरुजी एकेक बोट दुमडायचे. मूठ वळायच्या आत त्यानं ठरवायचं. चुकलं तर चुकू दे, पण ठरव. कुणी चुकून ‘बघू’ म्हणालं की सगळा वर्ग एका सुरात गर्जायचा, “बघू चालत नाही!”

“घरीदारी सगळे बघू म्हणतात,” गुरुजी सांगायचे, “आणि बघत कुणीच नाही.” बोलायला माणूस पक्का होता, ते नाकारून चालणार नाही.

या खेळातला हुकमी एक्का म्हणजे सातवीतली जमुना. काटकुळी पोर, पण एकदा कुणाच्या अंगात शिरली की हुबेहूब. पोलीसपाटील झाली तर पोरं खरंच बिचकायची. घोटाळा एवढाच, की दिवाळी सरली की ती वर्गातून गायब व्हायची. शेतातून लाल मिरची निघायची, गावाबाहेर मोकळ्या रानात पथाऱ्या पडायच्या, नजर जाईल तिथवर मिरची वाळत असायची, आणि बाया ओळीनं बसून खोकत-शिंकत देठ खुडायच्या. जमुनाचा बाप रूपसिंग गुजरातेत बांधकामावर. आई फुलीबाई पथारीवर बसायची आणि शेजारी जमुना.

पथारी कुणाची? पाटलांची हो! छगन पाटील गेल्यापासून गुरुजींची आई, कौसाबाई, ती चालवायची. तिचा नियम सरळ होता: एका जागेवर बाई आणि तिची पोर, दोघी. पोर नाही आली तर जागा दुसरीला.

मग गुरुजींना हे ठाऊक नव्हतं का? नव्हतं कसं! मळ्यातल्या घरातून रोज फटफटीवरून ते त्याच रस्त्यानं शाळेत जात. पण त्या वळणावर मिरचीचा ठसका लागतो म्हणून रुमाल नाकावर धरायचे आणि मान जरा पलीकडे वळवायचे. ठसका खराच होता. मान वळवायला तेवढं कारण पुरत होतं. दर हिवाळ्यात पालकसभा घेऊन तेच कळकळीनं सांगत, “पोरींना शाळेत पाठवा.” फुलीबाई मागे उभी राहून, मिरचीनं भाजलेले हात पदरात गुंडाळून ऐकून घ्यायची. कुणाला सांगताय गुरुजी, असं ती एकदाही म्हणाली नाही.

यंदा शिक्षण परिषद त्यांच्या शाळेत भरायची होती. केंद्रातले सगळे शिक्षक येणार, केंद्रप्रमुख चुनीलाल साहेब येणार, आणि सगळ्यांना तो खेळ बघायचा होता. जमुनाशिवाय खेळ म्हणजे मिठाशिवाय वरण. आदल्या संध्याकाळी गुरुजी जेवता जेवता आईला म्हणाले, “माय, सकाय जमुनाले शाळामा धाड. मन्हं काम शे.”

“एकच दिन ना?”

“एकच दिन.”

“जाऊ दे मंग. त्यामा काय इतलं?” कौसाबाई म्हणाली, आणि ताटात दुसरी भाकरी वाढली.

एवढ्यात झालं. भाकरी मोडायच्या आत. गुरुजींना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांच्या डोक्यात उद्याच्या खुर्च्या होत्या. रातोरात फुलीबाईला निरोप गेला, सरांनी सांगितलं म्हणून पोरीला एक दिवस सोडलंय.

दुसऱ्या दिवशी वर्ग गच्च भरला. गुरुजींनी प्रसंग सांगायला तोंड उघडलं, तोच जमुना उभी राहिली. “सर, आज प्रसंग आम्ही निवडलाय. सकाळी लवकर येऊन बसवलाही.”

“वा!” चुनीलाल साहेब खुर्चीत सरसावले. “हेच तर पाहिजे!”

जमुनानं ओढणीचा पदर केला, तो डोक्यावर ओढला, एक हात कमरेवर ठेवला आणि डावा गुडघा जरा जपत चालू लागली.  ती चाल गुरुजींनी जन्मल्यापासून पाहिली होती.

“वं फुली, एकलीच उनी का? तुन्ही पोर कोठे शे?” जमुना कडाडली. “शिकीसन काय दिवा लावनार शे ती? पोर नही उनी ते जागा दुसरीले देसू मी!”

पाहुणे खदखदून हसले. त्यांना कुठं ठाऊक होतं ही कोण! वर्गातली पोरं मात्र हसता हसता गुरुजींकडे चोरून बघत होती. फुलीबाई झालेली मुलगी खाली बसून देठ खुडू लागली. मग वर्गातला धुडकू खिशाला पेन लावून, नाकाला रुमाल धरून आला. तो ‘सर’ झाला होता.

“फुलीबाई, पोरीला शाळेत पाठवत जा,” धुडकू नाकात बोलला. “शिक्षण फार महत्त्वाचं आहे.” आणि पुढे होऊन मालकिणीसमोर मांडी घालून बसला.

“ये भाऊ, जेवी ले,” जमुना मायेनं म्हणाली.

धुडकू जेवू लागला. पाहुण्यांचं हसू थांबेना. आणि तेवढ्यात जमुनाच ओरडली, “थांबा!”

तिनं डोक्यावरचा पदर खाली टाकला आणि धुडकूपुढे पंजा धरला. बोटांची टोकं लाल झाली होती, कातडं सुटत होतं. “सर, ठरवा,” ती म्हणाली. आवाज आता तिचा स्वतःचा होता. “काल तुम्ही घरी एकदा सांगितलं, तर मला लगेच सोडलं. मग उद्याचं काय?”

अंगठा दुमडला. मग तर्जनी. धुडकू बिचारा शेळी व्हायला तयार असलेला गडी.  तो वळून म्हणाला, “सर, तुम्हीच सांगा ना. मी काय म्हणू?”

आता सगळा वर्ग वळला. जमुनानं पंजा धुडकूपुढून काढून खऱ्या सरांपुढे धरला आणि मधलं बोट दुमडलं, मग त्याच्या शेजारचं.

उत्तर गुरुजींच्या जिभेवर होतं. ‘उद्यापासून जमुना शाळेत येईल, आणि फुलीबाईची जागाही जाणार नाही.’ एवढंच. आईला सांगायला कालच्यापेक्षा चार शब्द जास्त लागले असते. पण हे बोललं की साहेब विचारणार, ही पथारी कुणाची, तुमचा काय संबंध. घरी आई विचारणार, आज हिला सोडलं तर बाकीच्यांना काय सांगू. मिरचीच्या वळणावर चाचपावा तसा गुरुजींनी खिशातला रुमाल चाचपला, आणि मग ते हसले. हो, हसले.

“बघू,” ते म्हणाले.

“बघू चालत नाही!” अख्खा वर्ग गर्जला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी उठून गुरुजींची पाठ थोपटली. “पाटील, काय तयारी करून घेतलीय! शेवटी स्वतःच चुकून दाखवायचं, वा!” गुरुजींनी नारळ घेतला, शाल घेतली, फोटोत मान वर ठेवली. लाजेनं माणूस जमिनीत जातो म्हणतात, पण गुरुजी जात नव्हते. ते सगळ्यांसमोर धडधडीत उभे होते, आणि तीच त्यांना शिक्षा वाटत होती. जमुना पोरांबरोबर ओरडली नव्हती. तिची करंगळी तेवढी उभी राहिली होती. ती तिनं नंतर दुमडली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी गुरुजी ताटावर बसले. आज सांगायचंच, असं शाळेपासून घरापर्यंत घोकत आले होते. बायको रोहिणीनं शाल घडी घालून कपाटात ठेवली.

“चांगलं झायं का तुन्हं काम?” कौसाबाईनं विचारलं.

“झायं.”

“मंग सकाय येई ना ती पोर पथारीवर? माल पडेल शे.”

गुरुजींचा हात ताटात होता. आपली बोटं आपोआप मिटत चाललीत हे त्यांना कळलं, आणि ती उघडायला काय लागतं हेही कळलं. आई वाट बघत होती. रागावलेली नव्हती, नुसती वाट बघत होती.

“येई,” ते म्हणाले, आणि घास तोंडात घातला.  स्वतःची एवढी किळस त्यांना कधी आली नव्हती.

सकाळी ते पथारीच्या रस्त्यानं गेले. रुमाल त्यांनी खिशातून काढला नाही. लाज अशी, की आता रुमालानं तोंड झाकणंही चोरी केल्यासारखं वाटत होतं. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण मान वळवली नाही. ओळीत फुलीबाई होती. शेजारी जमुना होती. तिनं वर बघितलं आणि परत देठ खुडायला लागली.

वर्गात हजेरी झाली. जमुनाचं नाव आलं तेव्हा गुरुजींनी गैरहजेरीची खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. त्यांनी भूगोल काढायला लावला. थोड्या वेळानं धुडकूनं हात वर केला.

“सर, आज खेळ घ्यायचा का?”

“बघू,” गुरुजींच्या तोंडून निघून गेलं.

ते दचकले. खडू हातात धरून पोरांच्या गर्जनेची वाट बघत राहिले. ती गर्जना त्यांना हवी होती. कधी नव्हे एवढी हवी होती.  पण धुडकूनं हात खाली घेतला, आणि सगळ्या पोरांनी मुकाट्यानं भूगोलाच्या पुस्तकांत माना घातल्या.