बाईंची शेवटची वही

रोह्याहून पेणला मी तीन वर्षं एसटीने जात होते. रामवाडीत, गणपतीच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, आमचं ऑफिस होतं. एक मोठी खोली, अकरा कॉम्प्युटर आणि आम्ही अकरा बायका. परदेशातली ग्रंथालयं त्यांचे जुने कागद स्कॅन करून पाठवायची आणि आम्ही एकेक कागद वाचून यादी भरायची: कुणी लिहिलंय, कुणाला, कधी, कशाबद्दल. इंग्रजीत बी.ए. केलेल्या बाईला रोह्यात शिकवण्यांपलीकडे फारसं काम नसतं. माझे यजमान कंपनीत, शिफ्टची नोकरी. मुलगी कॉलेजला गेल्यावर घर रिकामं झालं, म्हणून मी जायला लागले.

पहिली दोन वर्षं विम्याचे अर्ज आणि कसल्याशा गिरणीची पत्रं. तिसऱ्या वर्षी वेगळंच काम आलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सिनेमावाल्यांचे कागद. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना दारात उभं केलं नाही आणि ज्यांनी आपल्या हिमतीवर, शेजारपाजारच्यांना घेऊन सिनेमे काढले, अशी ही माणसं. बरीचशी आता हयात नाहीत. घरच्यांनी माळ्यावरची, तळघरातली खोकी ग्रंथालयाला दिलेली.

माझ्या वाट्याला एका बाईंची खोकी आली. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कामावर घेताना तसं कबूल करून घेतलं होतं. ऑफिसात आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो.

बाईंनी आयुष्यात एकच पूर्ण सिनेमा केला. तोही फक्त रविवारी, कारण त्यात काम करणारी माणसं आठवडाभर कामाला जायची. एक बसचा ड्रायव्हर, दोन शाळेतल्या स्वयंपाकिणी, एक शिंपी. दर रविवारी कुणी काय घातलं होतं याची बाईंनी नोंद ठेवलेली, म्हणजे पुढच्या रविवारी तेच कपडे हवेत. एका पानावर लिहिलंय, 'मावशीने निळा स्वेटर बहिणीला देऊन टाकला. बहिणीकडून आणणे.' मग सिनेमा दाखवायला जागा मागणारी पत्रं, चर्चना, शाळांना. 'पडदा नसला तरी चालेल, पांढरी भिंत पुरेल,' असं जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. उत्तरं थोडी, बहुतेक नकाराची. एकाने लिहिलं होतं, या विषयाला प्रेक्षक नाही.

दुसऱ्या सिनेमाची पटकथा बाई वीसेक वर्षं लिहीत होत्या. मी ते अक्षर रोज सात-आठ तास वाचत होते. ठसठशीत, थोडं उजवीकडे कललेलं. 'टी'ची आडवी रेघ लांब ओढायची सवय. घरी भाजीची यादी करताना एकदा माझ्या हातून तशीच रेघ ओढली गेली.

शेवटच्या खोक्यात एक वही होती. पहिलं पान उघडलं आणि मला वाटलं, दुसऱ्याच कुणाची आहे. पानाची डावी बाजू कोरी. उजव्या अर्ध्यात सगळ्या ओळी दाटीवाटीने कोंबलेल्या, खाली घसरत गेलेल्या. एका अक्षराच्या जागी तेच अक्षर तीन-चारदा. रेघा एकमेकींवर चढलेल्या. आधीच्या फायलीत हॉस्पिटलचा कागद होता, त्यावरून कळत होतं. बाईंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि त्यानंतरची ही वही.

आमच्या सुपरवायझर मॅडम पेणच्याच, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी मागून बघितलं.

"ताई, हे 'अवाचनीय'मध्ये टाका आणि पुढे चला."

"मला वाचता येईल असं वाटतंय."

"याच्यात काय वाचणार? बासष्ट पानं हायत. एकेकाला दिवस जाईल."

त्यांचं चुकत नव्हतं. पण मला खरंच वाचता येईल असं वाटत होतं, आणि त्याला कारण माझे वडील.

माझं माहेर धरमतरच्या बाजूला. वडिलांचा जन्म मिठागरात गेला. चौथीपर्यंत शिकलेले, पण अक्षर सुरेख. गावातल्या लोकांचे अर्ज तेच लिहून द्यायचे. मी बारावीला असताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डाव्या हाताने ते वहीवर काहीतरी लिहायचे आणि आमच्याकडे बघत राहायचे. कुणालाच लागायचं नाही. आईला तर वाचता येत नव्हतं, ती मला विचारायची.

"काय लिवलंय गो?"

"नाय वाचता येत, आई."

"येईल. बस जरा त्यांच्या बाजूला. घाई नको करू."

मी बसायला लागले. हळूहळू कळलं, अक्षर बघत बसलं तर काही हाती लागत नाही. हात कुठे निघाला होता आणि कुठे अडला, ते बघायचं. पंधरा-वीस दिवसांनी पहिला शब्द लागला. 'बांध'. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला खांड पडली असेल, कुणीतरी बघून या, असं त्यांना सांगायचं होतं. खांड खरंच पडली होती. पाणी शेतात येऊन गेल्यावर आम्ही गेलो.

ते त्यानंतर दीड वर्ष जगले. त्यांच्या वह्या आम्ही ठेवल्या नाहीत. त्या ठेवायच्या असतात हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बाईंचं दुखणं वेगळं होतं, लिपी वेगळी होती, तरी बसण्याची रीत तीच. मी रोजचं काम संपवून शेवटचा तासभर वहीला द्यायला लागले. जेवणाच्या सुट्टीतही बसायचे. पहिलं पान लागायला आठवडा गेला. नंतर दिवसाला एक, मग दोन. ती पटकथाच होती. झटका आल्यावर बाईंनी वीस वर्षांचं लिखाण बाजूला ठेवून ती पहिल्यापासून नव्याने लिहायला घेतली होती.

गोष्ट शाळेतल्या एका स्वयंपाकिणीची. तिला ऐकू येईनासं होतंय आणि ती ते सगळ्यांपासून लपवतेय. एका प्रसंगात ती भल्यामोठ्या पातेल्याच्या झाकणावर तळवा टेकून उभी आहे. उकळी आता तिला कानाने कळत नाही, हाताने कळते. मागून कुणीतरी हाक मारतं. ती वळत नाही. बघणाऱ्याला वाटतं, स्वयंपाकात गुंतलीय. मी हे डबा खाताना मैत्रिणींना सांगितलं तेव्हा एकीने चमचा खाली ठेवला.

"पुढं काय व्हतं मग?"

"अजून वाचायचंय."

मी वाचलेलं सगळं यादीतल्या 'शेरा'च्या रकान्यात टाइप करत होते. दुसरी जागाच नव्हती. मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलं.

"ताई, यादी इथून मधल्या कंपनीकडे जाते. शेरा एवढा लांब असला तर ते उडवतील. मला विचारू नका मग."

"ग्रंथालयाला कळवता येईल का?"

"आपण नाय कळवायचं. आपलं त्यांच्याशी बोलणं नाय."

तरी त्यांनी एक ओळ मधल्या कंपनीला लिहिली, ती मी पाहिली आहे. उत्तर आलं: कामाच्या कक्षेबाहेर.

बावन्न पानं झाली आणि काम बंद झालं. पुढचं वाचन आता मशीन करणार, असं सांगण्यात आलं. एका शनिवारी आम्हा सहाजणींना कामावरून थांबवलं. ऑफिसात पेन ड्राइव्ह, मोबाइल, साधा कागदसुद्धा आत न्यायला मनाई होती, आणि मी तो नियम कधी मोडला नव्हता. त्या शनिवारी मोडावासा वाटला. हिंमत झाली नाही. मॅडम जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं वाचलेलं मी पाठवलंय तसंच. पुढचं त्यांच्या हातात." खाली मूर्तींना रंगाचा फवारा चालू होता. नाकाला पदर लावून मी स्टँडकडे गेले.

वर्षभराने ग्रंथालयाची यादी सगळ्यांसाठी खुली झाली. मुलीच्या लॅपटॉपवर मी बाईंचं नाव शोधलं. खोकी ओळीने होती, माझे शब्द जसेच्या तसे. निळ्या स्वेटरचीही नोंद होती. शेवटच्या वहीपुढे लिहिलं होतं: बासष्ट पानं, अवाचनीय. शेरा कोरा.

मी ग्रंथालयाला मेल केली. दोन महिन्यांनी तिथे काम करणाऱ्या एका बाईंचं उत्तर आलं. चांगलं, सभ्य पत्र होतं. या कामाचा निधी संपला आहे, पण तुमच्याकडे वाचलेला मजकूर असेल तर जरूर पाठवा, तो वहीबरोबर ठेवू.

मजकूर माझ्याकडे नव्हता. मी आठवून लिहायला बसले. चार दिवस लिहिलं. पातेल्याचा प्रसंग नीट उतरला, शिंप्याच्या दुकानातला एक उतरला. तिसरा लिहून झाला आणि वाचताना माझ्या लक्षात आलं, त्यातली स्वयंपाकीण चुलीपुढे उकिडवी बसून फुंकणीने फुंकत होती. असं बाईंनी लिहिलेलं असणं शक्य नव्हतं. ती माझी आई होती. मग पहिल्या दोन प्रसंगांतलं बाईंचं किती आणि माझं किती, तेही मला सांगता येईना. मी ते कागद फाडले.

ग्रंथालयाच्या बाईंना एवढंच कळवलं की मजकूर आता माझ्याजवळ नाही. पण वही वाचता येते. पानाच्या उजव्या बाजूने सुरुवात करावी, एका अक्षराचे तीन-चार वेढे दिसले तर ते एकच धरावं, आणि एकाच माणसाने रोज थोडा वेळ बसावं. त्यांनी आभार मानले.

यजमान म्हणाले, "तू केलंस ना तुझ्यापरीने?" मी म्हटलं, व्हय.

तो रविवारी काढलेला सिनेमा मी अजून पाहिलेला नाही. तो तिथेच, त्या ग्रंथालयात जाऊन बघावा लागतो. आता मी रोह्यात पुन्हा शिकवण्या घेते. मुलांच्या वह्या तपासताना कुणाचं अक्षर लागलं नाही तरी खाली शून्य देत नाही. जवळ बसवून विचारते, काय लिहायचं होतं.

परवा यादी पुन्हा उघडली. 'अवाचनीय' हा शब्द बदललेला नाही. पुढची दहा पानं मीही वाचलेली नाहीत, त्यामुळे त्या स्वयंपाकिणीचं काय झालं ते मला माहीत नाही.