कानबाईचे रोट आणि डॉक्टरची गोळी

पाळी गेली तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. पण शरीर इतकं सरळ असतं तर आणखी काय हवं होतं? सुरतेत उधन्याच्या आमच्या घरात पंखा पाचवर असतानाही मला दरदरून घाम फुटायचा, झोप उडालेली, आणि नवऱ्याने नुसतं "चहा" म्हटलं तरी मी अंगावर धावून जायचे. तो जन्मभर चहाच मागत आला. राग यायला उशीरच झाला म्हणायचा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बेन, हॉर्मोन घटी गया छे." मग रक्त, सोनोग्राफी, मॅमोग्राफी, आणि गोळ्या सुरू झाल्यावर ठरावीक महिन्यांनी पुन्हा तपासणी. मुलगी बघायला आले होते तेव्हाही मला इतकं कुणी निरखलं नव्हतं. "या गोळ्यांनी पाळीसारखं जाईल, घाबरू नका," असंही त्या म्हणाल्या. घाम थांबल्याच्या आनंदात मी ते विसरूनही गेले.

खानदेशातून सुरतेला येताना आमच्या लोकांनी भांडी कमी आणली, पण आमची देवी कानबाई आणली. श्रावणातल्या रविवारी ती बसते, सगळे भाऊबंद जमतात. नैवेद्याचे रोट सासूबाईच करत. आम्ही सुना दरवर्षी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या पेपरमिंटसारख्या खायचो. तेव्हा रक्त तपासा असं कुणी म्हणालं नाही. तरी एखाद्या वर्षी ती यायचीच, आणि मी बाहेर, गॅलरीत.

यंदा सासूबाईंचे हात थकले. मला म्हणाल्या, "तुले आते कसानी अडचन? रोट तूच करजो." मला रडूच आलं. इतकी वर्षं मला हेच हवं होतं.

रविवारी सकाळी न्हाणीत गेले आणि पाहिलं, डॉक्टरीणबाईंची गोळी शब्दाला जागली होती.

लपवायचं ठरवलं, पण सासूबाईंच्या नजरेतून काय सुटतं? सांगून टाकलं. त्यांनी धाकट्या जावेकडे पाहिलं. तिची भाकरी अजून तव्यावर फाटते. मग परातीकडे पाहिलं, आणि धर्मशास्त्र तिथल्या तिथे बदललं.

"हाई अडचन डॉक्टरनी शे, तुनी नही. बस आते रोट कराले."

बसले. मग मी गॅलरीत काढलेल्या वर्षांतली अडचण कोणाची होती, हे विचारायचं ओठावर आलं होतं. कणीक मळत राहिले.

"इतला जोर कसाले लावस?" सासूबाई म्हणाल्या.